पर्यावरण कायद्याची अंमलबजावणी कशी तपासावी

देशात पर्यावरणाचे किती कायदे आहेत, हे मोजत बसू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2019 च्या अहवालानुसार 1972 पासून जगभर हे कायदे 38 पटींनी वाढले, अंमलबजावणी मात्र फार मागे राहिली.

त्याऐवजी ज्यात आकडा आहे असं एकच बंधन निवडा आणि ते शेवटपर्यंत धरून ठेवा. ‘हवा स्वच्छ राखावी’ असल्या कलमातून काहीच तपासता येत नाही. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशातली नायट्रोजन डायऑक्साइडची मर्यादा बघा: वार्षिक सरासरी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम. इथे नोंदीआधी यंत्राची जागा पाहायची. रस्त्यालगतच्या यंत्राची हवा ओढणारी नळी साधारण 1.5 ते 4 मीटर उंचीवर, रस्त्याच्या कडेपासून 10 मीटरच्या आत आणि मोठ्या चौकापासून किमान 25 मीटर दूर हवी. तेच यंत्र बागेत नेऊन ठेवलं की आकडा आपोआप सुधारतो. मग नोंदींतले खंड पाहा. नेमके जास्त प्रदूषणाचे महिने गायब असतील, तर त्या सरासरीला अर्थ नाही. सगळ्या केंद्रांची मिळून काढलेली सरासरीही मान्य करू नका. ब्रुसेल्सच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं, की एकाही केंद्रावर मर्यादा ओलांडली तरी तो भंगच.

कारखान्यांच्या बाबतीत एकाच वर्षाचे चार आकडे शेजारी मांडा: तपासण्या, सापडलेले भंग, ठोठावलेला दंड, वसूल झालेला दंड. बहुतेक अहवाल तिसऱ्यावरच थांबतात, आणि खरी गळती तिथूनच सुरू होते. भंग कमी झाले म्हणून लगेच समाधान मानू नका. आधी निरीक्षकांची किती पदं रिकामी आहेत आणि तपासणीची आगाऊ सूचना दिली जाते का, ते विचारा. दंडापेक्षा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवण्याचा खर्च जास्त असेल, तर प्रकल्प बंदच राहतो. त्याचं वीजबिल मिळालं तर जरूर पाहा. कागदावर रोज चालणाऱ्या प्रकल्पाचं बिल नाममात्र असेल, तर तो चालत नाही.

न्यायालयीन निकालांत दोन तारखा लिहून घ्या: निकालाची आणि प्रत्यक्ष पालनाची. क्रीटमधल्या कुरुपितोसच्या कचराभूमीवरून ग्रीसविरुद्ध निकाल लागला 1992 मध्ये. पालन झालं नाही, म्हणून 2000 मध्ये दिवसाला 20,000 युरोचा दंड बसला.

देशांच्या क्रमवारीचे निर्देशांक शेवटी पाहा. त्यांची पद्धत आवृत्तीगणिक बदलते, त्यामुळे ‘पाच क्रमांकांनी वर गेलो’ असं म्हणण्याआधी पद्धतीचं परिशिष्ट वाचा.