पूलचा पंप लावला की लाइट जाते? आधी गळती शोधा

एप्रिल लागला की पुण्याजवळच्या मुळशी-पानशेतच्या फार्महाउसवर आणि बावधन-बाणेरच्या बंगल्यांच्या अंगणात लोखंडी फ्रेमचे पूल उभे राहतात. थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार येते: पंप लावला की अख्ख्या घराची लाइट जाते. मग कुणीतरी हाताशी असलेला माणूस येतो, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) काढून पंप ‘डायरेक्ट’ करून देतो. पंप चालू होतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. असं करणाऱ्या माणसाला पुन्हा बोर्डाला हात लावू देऊ नका. आपली मुलं ओल्या अंगाने ज्या पाण्यात उतरणार आहेत, त्या पाण्याला जोडलेल्या यंत्राचं संरक्षणच त्याने काढून टाकलेलं असतं.

पाण्यात कोणी नाही, मेन स्विच तुमच्या नजरेसमोर आहे, पायात कोरडी चप्पल आहे, हे धरूनच पुढचं लिहितो. नुसता टेस्टर घेऊन या कामाला बसू नका. टेस्टरचा दिवा लागला म्हणून दोष कळत नाही आणि लागला नाही म्हणून वायर मेलेली आहे असंही नाही. मल्टिमीटर लागेलच. पुण्यात तपकीर गल्लीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात साधा मीटर परवडण्यासारख्या किमतीत मिळतो.

काय पडलं ते बघा

बोर्डावर ज्याला ‘टेस्ट’ बटण असतं तो आरसीसीबी. बाकीचे एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की वीज तोडणारे. एमसीबी क्षणात पडला, म्हणजे त्याचा खटका खाली आला, तर शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटांनी पडला तर मोटरवर लोड येतोय: बेअरिंग जाम झालं असेल किंवा इंपेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चाकात) पालापाचोळा अडकला असेल. आरसीसीबी पडला तर करंट जमिनीत गळतोय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ‘मोठ्या अँपिअरचा एमसीबी टाका’ हा यातल्या एकाचाही उपाय नाही. त्याने फक्त वायर तापते.

मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही

लगेच बंद करा, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळेल. प्लग काढून मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून बघा. फिरत असेल तर बहुतेक वेळा मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कॅपॅसिटर गेलेला असतो. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड छापलेत तेवढेच घ्या, व्होल्टेज त्याहून कमी नको. काढण्याआधी टोकांना साधा तारेचा बल्ब बसवलेल्या होल्डरची वायर लावून तो डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा.

कॅपॅसिटर नवा टाकूनही हुंकारत असेल तर एक्स्टेंशन तपासा. १ चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, साधारण १ ओहम. १ एचपीची मोटर चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना त्याच्या चार-पाच पट ओढते. म्हणजे ऐन सुरुवातीला तीसेक व्होल्ट वायरच खाते. फार्महाउसवर संध्याकाळी मुळात २०० व्होल्ट येत असतील तर ती मोटर उठणार कशी? २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअर वायर टाका आणि एक्स्टेंशन बोर्ड काढून टाका.

आरसीसीबी पडतो तेव्हा

इथेच सगळे अडकतात, मीही पुष्कळ दिवस अडकत होतो. कारण हा दोष नेहमी एकसारखा दिसत नाही. सकाळी पडतो, दुपारी चालतो. रात्री पंपाचं बटण बंद असताना काही होत नाही आणि सकाळी गिझर लावला की पडतो. मग ‘आरसीसीबीच खराब आहे’ असं म्हणून मोकळे होतात. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टवर ३० मिलिअँपिअर म्हणजे साडेसात-आठ हजार ओहमची वाट. मोटरवरच्या ओलसर टर्मिनल बॉक्सला (जिथे केबल मोटरला जोडतात) एवढी वाट सहज मिळते.

क्रम चुकवू नका. आधी पंपाचा प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. आता आरसीसीबी वर करा. तरी पडला तर दोष घरात आहे, पंपाला हात लावू नका.

टिकला तर बटण बंद ठेवूनच प्लग लावा. घरातला फ्रिज, गिझर वगैरे चालू राहू द्या. आता पडला तर समजा की मोटरचा न्यूट्रल बॉडीला लागलाय. आपल्याकडचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल मोटरपर्यंत जोडलेलाच राहतो. घरात लोड चालू असला की न्यूट्रलवर दोन-चार व्होल्ट असतात. त्या जोरावर थोडा करंट न्यूट्रलने न परतता अर्थमधून परततो, आणि आरसीसीबीला तेवढी तफावत पुरते. रात्री घरात लोड नसतो म्हणून बटण बंद असेपर्यंत काही होत नाही, सकाळी गिझर लागला की पडतो. गिझर बदलून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. दोष पूलपाशी होता. एक शंका मात्र याच पायरीवर दूर करा: सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण न्यूट्रल तोडतं आणि बंद मोटरही जिवंत राहते. मीटरने तपासा, उलटे असतील तर सुलटे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तेही टिकलं तर बटण दाबा. तत्क्षणी पडला तर फेजकडून गळती आहे: टर्मिनल बॉक्समध्ये, केबलमध्ये किंवा वाइंडिंगमध्ये. पंधरा-वीस मिनिटांनी पडला तर मोटर तापल्यावर इन्सुलेशन हार मानतंय किंवा पंप आणि मोटरच्या मधल्या, पाणी अडवणाऱ्या सीलमधून पाणी आत चढतंय.

प्लग काढून टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडा. तांब्यावर हिरवट-पांढरी भुकटी दिसेल. पंपाशेजारी क्लोरीनचा डबा ठेवला की ती हमखास धरते, म्हणून डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. टर्मिनलपासून बॉडीकडे केसाएवढी काळी रेघ दिसते का, ते बॅटरीच्या उजेडात तिरपं बघा. ती रेघ म्हणजे जळून तयार झालेला रस्ता. पुसून जात नाही. टर्मिनल ब्लॉकच बदलायचा. ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथली घट्ट पकड) सैल असेल तर तीही बदला, नाहीतर पहिल्या पावसात पुन्हा हेच. लॉनखाली टेप गुंडाळलेला जॉइंट असेल तर तो शोधून काढाच, टेपचा जॉइंट मातीत टिकत नाही.

झाकणाखाली सगळं स्वच्छ दिसलं तर मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर, आणा. मल्टिमीटरने इन्सुलेशन तपासू नका. त्याच्या बॅटरीच्या चार-दोन व्होल्टला जी मोटर निर्दोष दिसते, तीच २३० व्होल्टवर गळते. ५०० व्होल्टचा मेगर वायरमनकडे असतो. नसेल तर तो वायरमन या कामाचा नाही. मोटरची केबल सोडवा, टायमर किंवा कंट्रोलर बाजूला करा, फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी मोजा. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर मोटर लावायची नाही. मी पाण्यापाशी २ मेगाओहमखालीही लावत नाही. त्यानंतर सुटी केबल वेगळी मोजा. नवी मोटर आणून जुनी कुजलेली केबल तशीच ठेवली, तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर असाल.

मोटर ओली निघाली तर वाळवून आकडा परत येतो, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. पंप आणि मोटरच्या मधल्या फटीतून थेंब पडत असतील तर मेकॅनिकल सील गेलंय. सील न बदलता वाळवणं व्यर्थ.

अर्थिंग, तेही मे महिन्यात

आरसीसीबी अर्थिंगशिवायही काम करतो, पण मग गळणारा करंट जमिनीत जायला वाट शोधतो. ती वाट म्हणजे ओल्या पायाने मोटरला हात लावणारा माणूस. अर्थिंग धड असेल तर माणूस जवळ येण्याआधीच आरसीसीबी पडतो. आपल्याकडे खाली मुरूम आणि काळा दगड. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, आणि पूल नेमका तेव्हाच वापरात असतो. खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि हंगामाआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० दाखवलं म्हणजे वायर जोडलेली आहे एवढंच कळतं. ती पुरेसा करंट वाहून नेईल का, ते त्यातून कळत नाही.

घरात चांगला लोड चालू असतानाही न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी शून्य व्होल्ट दिसले तर सॉकेट उघडा. आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा जोडलेला सापडू शकतो. असा तुकडा जोडला की लोड येताच आरसीसीबी पडू शकतो, म्हणून तुकडा जोडणाराच आरसीसीबीही काढून ठेवतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर मोटरच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. तो तुकडा त्याच क्षणी काढा.

परत जोडताना

पंपाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या. फ्रिज, इन्व्हर्टर, कॉम्प्युटर यांची थोडी थोडी गळती एकाच आरसीसीबीवर साठत गेली की निर्दोष पंपही पाडतो. ३० ऐवजी १०० चा बसवून सुटका करून घेऊ नका, १०० मिलिअँपिअर माणसाला मारायला पुरेसे आहेत. सॉकेट पूलच्या कडेपासून किमान साडेतीन मीटर लांब हवं आणि उन्हापावसापासून झाकलेलं हवं. ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा, पडला नाही तर आरसीसीबी बदला. मेगरचा आकडा आणि तारीख मार्करने मोटरवरच लिहून ठेवा. जूनमध्ये पंप सोडवून आत ठेवाल तेव्हा आणि पुढच्या मार्चमध्ये बाहेर काढाल तेव्हा पुन्हा मोजा. आकडा निम्म्यावर आला असेल, तर पाणी भरायच्या आधी सील आणि ग्लँड उघडून बघा.