वर्गमित्राचा निबंध तपासताय? या चुका टाळा

आमच्या अकरावीच्या वर्गात मुलं निबंधाचा कच्चा खर्डा आधी एकमेकांना तपासायला देतात. पहिल्या दिवशी दरवर्षी तेच होतं. वही हातात पडली की लाल पेन निघतं, 'आणी'चं 'आणि' होतं, 'पाणि'चं 'पाणी' होतं आणि पाच मिनिटांत पान रक्तबंबाळ. निबंध कशावर होता विचारावं तर, "जत्रेवर काहीतरी होतं, सर."

सुरुवातच वेलांट्यांपासून करणे

शुद्धलेखन हवंच. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये वाढवलेले ४, एवढे अठरा नियम डोळ्यांखालून घातले तरी बरंच काम होतं. शेवटचा इकार दीर्घ, अपवाद 'आणि' व 'नि'; 'बहीण' पण 'बहिणीला', हे तिथूनच कळतं. पण जो परिच्छेद उद्या अख्खा गळणार आहे, त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या? पहिलं वाचन हात बांधून करा, दुसऱ्या वेळी पेन्सिल घ्या, वेलांट्या सगळ्यात शेवटी. लाल पेन घरीच राहू द्या. ते हातात आलं की भल्याभल्यांच्या अंगात मास्तर संचारतो.

'छान लिहिलंय' म्हणून सुटका करून घेणे, नाहीतर वाक्यच बदलून देणे

जत्रेच्या त्या निबंधात एक वाक्य होतं: 'जत्रेत खूप गर्दी होती व सगळीकडे आनंदाचे वातावरण होते.' तपासणाऱ्या मुलीने ते खोडलं नाही. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'गर्दी म्हणजे किती? तू कुठे उभा होतास?' दुसऱ्या खर्ड्यात तिथे आलं: 'पाळण्यापाशी एवढी रेटारेटी होती की माझी एक चप्पल पायातून निघाली, ती मिळालीच नाही.' ही चप्पल तिला कुठून सुचणार? तिने स्वतः वाक्य सजवून दिलं असतं, तर गर्दीला 'अलोट' हे विशेषण तेवढं लागलं असतं.

वही परत दिली की विषय संपला, असं समजणे

ही चूक सगळ्यात महागाची. त्याच मुलीचा पावसावरचा निबंध मी पाहिला. तिला म्हटलं, तीच पेन्सिल घे आणि तेच दोन प्रश्न आता स्वतःच्या वहीला विचार. तिने बघितलं तर दीड पानात 'वातावरण' चार वेळा! दुसऱ्याचं वाचताना कागदावर आहे तेवढंच दिसतं; स्वतःचं वाचताना डोक्यातला पाऊसही सोबत पडत असतो, त्यामुळे कागद कोरडा राहिलाय हे कळत नाही. म्हणून मित्राच्या वहीत जे खटकलं ते एका चिठ्ठीवर टिपा आणि त्याच संध्याकाळी ती चिठ्ठी घेऊन आपल्या खर्ड्याकडे बसा. दोन दिवस मध्ये गेले की चिठ्ठीही हरवते आणि खटकणंही.

अडलं तर

काहीच खटकत नसेल, तर प्रत्येक परिच्छेदासमोर तो काय सांगतो ते चार शब्दांत लिहा. दोन परिच्छेदांसमोर तेच चार शब्द आले, तर एक जादा आहे. चार शब्दही सुचले नाहीत, तर तिथे नुसती भरताड आहे.

मित्र लगेच "मला तसं म्हणायचंच नव्हतं" म्हणून वाद घालत असेल, तर आमच्याकडचा नियम लावा: तपासणारा बोलत असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, फक्त टिपून घ्यायचं.

आणि त्याने तुमचं ऐकलंच पाहिजे, असा हट्ट धरू नका. आमच्या चप्पलवाल्याने 'जत्रा हा आपला सांस्कृतिक ठेवा आहे' हे शेवटचं वाक्य तिघांनी सांगूनही काढलं नाही. त्याचा निबंध, त्याची मर्जी.