नवा ग्लव्ह हाताला बसवताना

सॉफ्टबॉल-बेसबॉलचा नवा चामडी ग्लव्ह पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. पण तो मऊ करायला आपल्या इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर टाकू नका. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही! चामडं कोरडं पडून तडकतं, वाद्या तुटतात. घरातलं खोबरेलही नको. ग्लव्हसाठीचं कंडिशनर फडक्यावर थोडंसं घ्या, तळव्याला, दुमडीला आणि वाद्यांना पातळ चोळा नि रात्रभर मुरू द्या. जास्त लावलंत तर ग्लव्ह जड होतो.

खरं काम मात्र झेल घेण्यानंच होतं. रोज पंधरा-वीस मिनिटं हलके थ्रो घ्या. सोबत कुणी नसेल तर दुसऱ्या हातानं चेंडू ग्लव्हच्या खळग्यात, म्हणजे झेललेला चेंडू बसतो त्या खोलगट जागेत, आपटत बसा. माझ्या भाचीचा ग्लव्ह तिसऱ्या आठवड्यात वळायला लागला. आधी मिटायला दोन हात लागायचे, आता बोटं नुसती आवळली की चेंडूभोवती मिटतो.

रात्री खळग्यात चेंडू ठेवून जुन्या ओढणीच्या पट्टीनं बांधा. पण चेंडू तुमच्या खेळाचाच हवा. सॉफ्टबॉलचा घेर 12 इंच, बेसबॉलचा सुमारे 9. लहान चेंडूवर घडलेल्या खळग्यात मोठा नीट बसत नाही. पावसात भिजलाच तर पुसून पंख्याखाली वाळवा.