स्पॉटिंग स्कोप घेताय? ‘६० पट’ वाचून पैसे टाकू नका

स्पॉटिंग स्कोप म्हणजे लांबचं टार्गेट बघायला नेमबाज शेजारी स्टँडवर लावतो ती एका डोळ्याची दुर्बीण. ती घेताना दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: “हा किती लांबचं दाखवतो?” विक्रेत्याचं उत्तरही ठरलेलं: “साठ पट झूम आहे, सर.” एवढ्यावर सौदा होतो. सहा महिन्यांनी तोच स्कोप ‘अगदी नवासारखा, फारसा वापरलेला नाही’ म्हणून विकायला निघतो. न वापरण्याचं कारण सहसा स्कोपच्या दर्जात नसतं. तो कशासाठी घ्यायचा, हा विचार घेण्याआधी झालेला नसतो.

भोकं बघायला स्कोप घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून आधी हिशेब करू.

५० मीटरवर .२२ ची गोळी कागदाला ५.६ मिमीचं भोक पाडते. ते बघायला २० पट पुरतात, २५ म्हणजे चैन. ३०० मीटरवर ७.६२ मिमीचं भोक डोळ्याशी जेमतेम ५ आर्कसेकंदांचा कोन करतं (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). सकाळच्या थंड हवेत, चांगल्या काचेतून ते दिसेल. ऊन चढलं की दिसेलच असं नाही. १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटरवर तेच भोक १.७ आर्कसेकंदांचं होतं. ८० मिमीच्या निर्दोष लेन्सची बारकावा दाखवण्याची मर्यादाच मुळी १.४५ आर्कसेकंदांच्या आसपास असते, आणि दुपारच्या तापलेल्या रेंजवरची हवा एवढी बारीक गोष्ट शाबूत पोचू देत नाही. म्हणजे साठच काय, शंभर पट लावले तरी तिथे हवेचा गढूळपणाच मोठा होऊन दिसणार.

शिवाय तिथे भोक बघायची गरजही नसते. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या स्टिकलडाउन रेंजवर १००० यार्डांवरून गोळी सुटली की बट्समधला, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकातला, मार्कर टार्गेट खाली ओढतो, भोकात चकती खोचतो, गुण दाखवणारी खूण लावतो आणि टार्गेट पुन्हा वर चढवतो. ती चकती साध्या स्कोपमधूनही दिसते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर शॉट शेजारच्या मॉनिटरवर येतो. मग स्कोप कशाला? वारा वाचायला. अंतर जितकं जास्त, तितकं स्कोपचं भोकं मोजायचं काम कमी होतं आणि हवा दाखवायचं वाढतं. नवख्यांच्या डोक्यात गणित नेमकं उलटं असतं.

एप्रिलमधली ३०० मीटरची एखादी लेन डोळ्यांसमोर आणा. वेळ साडेदहा. नेमबाज नवा आहे, स्कोप २०–६० × ६० (२० ते ६० पट झूम, ६० मिमीची लेन्स) आणि झूमची रिंग साठला टेकलेली. चित्र अंधारं आहे, कारण ६० मिमीच्या लेन्समधून ६० पट घेतले की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत १ मिमीचा उरतो (लेन्सचा व्यास भागिले पट, एवढंच सूत्र). डोळा केसभर हलला की सगळं काळं. काळा गोल पातेल्यातल्या उकळीसारखा खदखदतोय. हा वैतागून फोकस पुढे-मागे फिरवतो, मग स्कोपवरची नजर काढून फायरिंग पॉइंटजवळच्या झेंड्याकडे बघतो. तो झेंडा शेडच्या आडोशाला आहे, त्यामुळे मलूल लोंबतोय. वारा नाही असं ठरवून गोळी सोडतो: आठ गुण, घड्याळातल्या तीनच्या दिशेला, म्हणजे उजवीकडे. दुसरी: पुन्हा आठ, तिथेच. मग दोष काडतुसांच्या लॉटला, ट्रिगरला, काल रात्रीच्या जागरणाला.

आता झूम वीसवर आणा. टार्गेट स्वच्छ फोकस करा आणि नॉब हळूहळू जवळच्या बाजूला फिरवत जा, निम्म्या अंतरावरच्या झेंड्याचं कापड स्पष्ट दिसेपर्यंत. टार्गेटच्या कडा किंचित मऊ होतील, होऊ द्या. मघाशी नुसती खदखद दिसत होती तिथे आता उन्हाच्या झळा डावीकडून उजवीकडे ओढ्याच्या पाण्यासारख्या वाहताना दिसतात. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा .३०८ च्या (म्हणजे वरच्याच ७.६२ मिमीच्या) गोळीला ३०० मीटरवर साधारण १० ते १२ सेंटीमीटर सरकवतो. या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १० सेंटीमीटर आणि पुढची प्रत्येक रिंग ५ सेंटीमीटर रुंद; म्हणजे दोन्ही आठ बरोबर जागच्या जागी होते. काडतूस निर्दोष, ट्रिगर निर्दोष.

झळांना, म्हणजे रेंजवरच्या भाषेत मिराजला, वाचायची रीत फार अवघड नाही. सरळ वर उकळत असतील तर वारा नाही, किंवा तो नेमका रेंजच्या लांबीने समोरून वा पाठीमागून येतोय. शंका असेल तर स्कोप थोडा डावी-उजवीकडे फिरवून बघा. जिकडे बघताना उकळी सरळ वर जाते ती वाऱ्याची रेषा. झळा तिरक्या झाल्या की हलका वारा. आडव्या पडून धावायला लागल्या की मध्यम. ताशी वीसेक किलोमीटरच्या वर त्या इतक्या सपाट होतात की वेगातला फरक कळत नाही. तिथून पुढे झेंडेच बघायचे. आणि वाहत्या झळा अचानक उभ्या उकळायला लागल्या तर बोट ट्रिगरवरून काढा. वारा दिशा बदलतोय, पुढच्या काही क्षणांत तो उलट्या बाजूने येऊ शकतो.

या कामाला २० ते ३० पट आणि रुंद दृश्यक्षेत्र लागतं. चांगल्या झूम आयपीसमध्ये (आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग) १००० मीटरवर २० पटीला पस्तीसेक मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ६० पटीला त्याच्या निम्म्याजवळ. लांब पल्ल्याचे जुने नेमबाज कोवा कंपनीचा २७ पटीचा, झूम नसलेला आयपीस जीव लावून जपतात ते याचसाठी. झूमच घ्यायचा असेल तर घ्या, पण पंचविसावर आणून रिंगवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. हा सल्ला गमतीचा वाटतो. टेप नसेल तर तिसऱ्या शॉटनंतर हात आपोआप साठकडे जातो.

स्कोपला लाखभर, स्टँडला उरलेसुरले

दुसरी लाडकी चूक. स्कोप उत्तम आणि खाली लग्नाच्या फोटोंसाठी घेतलेला ट्रायपॉड. झोपून नेमबाजी करताना त्या ट्रायपॉडची सगळ्यात खालची उंचीही डोळ्यापेक्षा जास्त भरते. मग प्रत्येक शॉटनंतर मान उचलायची, गाल रायफलच्या दस्त्यावरून (स्टॉकवरून) काढायचा, कोपर सरकवायचं, बघायचं आणि सगळं पुन्हा जुळवायचं. साठ शॉटच्या मॅचमध्ये पोझिशन साठ वेळा मोडते. पुढे ‘माझा ग्रुप उघडतोय’, म्हणजे गोळ्या विखुरतायत, ही तक्रार.

उजव्या हाताने मारणाऱ्याने स्कोप डाव्या बाजूला ठेवायचा, आयपीस डाव्या डोळ्यासमोर येईल असा. गाल जागेवर, नजर फक्त वळते. यासाठी ४५ अंशात वाकलेला स्कोप आणि त्याच्या अंगावर फिरणारी कॉलर हवी. कॉलर सैल केली की आख्खा स्कोप स्वतःभोवती वळतो आणि आयपीस वर न राहता बाजूने तुमच्याकडे येतो. सरळ स्कोप गाडीच्या खिडकीतून पक्षी बघायला छान. झोपून नेमबाजी करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये, स्वस्तात मिळत असला तरी.

स्टँड मात्र विकत घ्यायलाच हवा असं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही बऱ्या लेथवाल्याकडे करून मिळतो. २५ × २५ सेंटीमीटरची, १० मिमी जाडीची लोखंडी पाटी (वजन पाच किलोच्या जवळ जातं, तेवढं पाहिजेच), तिच्यात आट्यांनी बसणारा १६ ते २० मिमीचा दांडा, त्यावर सरकणारा क्लॅम्प आणि स्कोपसाठी पाव इंची कॅमेरा स्क्रू. पाटीखाली रबर चिकटवा. दांडा एकसंध नको, तुकड्यांत करून घ्या. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, असे तीन टप्पे असतात आणि डोळ्याची उंची तिन्ही वेळा वेगळी. प्रत्येक उंचीला दांड्यावर रंगीत टेपची खूण करून ठेवा. टप्पा बदलताना मॅचचं घड्याळ चालूच असतं. तेव्हा क्लॅम्प अंदाजाने वर-खाली करत बसण्यात मिनिटं जातात. क्लॅम्प बाहेर जास्त काढला तर सगळं वजन पाटीच्या कडेवर येतं आणि पहिल्या झुळकीला स्कोप नाकावर आपटतो. तो पाटीच्या आतच राहू द्या.

वाकड्या स्कोपमधून टार्गेट सापडायला सुरुवातीला वेळ लागतो. नळीच्या दोन टोकांना एकेक केबल टाय बांधा, गाठी वरच्या बाजूला. दोन्ही गाठी एका रेषेत लेनच्या नंबरवर धरल्या की टार्गेट आयपीसमध्ये येतं. आणि नंबर खरंच वाचा. शेजाऱ्याच्या टार्गेटवरचे शॉट बघून आपल्या रायफलच्या साइट्स (नेम धरायची साधनं) फिरवणारे प्रत्येक रेंजवर असतात.

बाकीच्या, पटापट

१०० मिमीची लेन्स ‘भविष्यासाठी’ घेऊ नका. ५० मीटरला ६०–६५ मिमी पुरते, लांब पल्ल्याला ७७ ते ८८. त्यापुढे फक्त वजन वाढतं.

काच ईडी किंवा फ्लोराइट (रंगांची किनार कमी करणारी खास काच) आहे का ते विचारा, पण डब्यावरच्या अक्षरांवर विसंबू नका. भर उन्हात पांढऱ्या पाटीवरची काळी अक्षरं बघा. कडेला जांभळी किंवा हिरवी किनार उठून दिसली तर पुढच्या स्कोपकडे वळा. फोकस करताना चित्र एका ठिकाणी ‘खट्’ करून बसलं पाहिजे. चांगलं-बरं-चांगलं असं घोळत राहिलं तर काच सुमार.

दुकानाच्या एसीत, शोरूमच्या काचेआडून रस्त्यावरचा बोर्ड बघून पसंती देणं म्हणजे परीक्षा न घेता पास करणं. बाहेर उन्हात न्या. दुकानदार नको म्हणत असेल तर दुकान बदला.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १८ मिमीच्या खाली नको. शूटिंगच्या चष्म्याला डाव्या डोळ्यावर ब्लाइंडर (डोळा झाकणारी पट्टी) लावला असेल तर त्याच डोळ्याने स्कोपमध्ये काय दिसणार? वर उचलता येणारा ब्लाइंडर लावा.

५० मीटरला काळ्यातलं भोक दिसत नाही म्हणून मोठा स्कोप घ्यायला निघालात? आधी टार्गेटच्या मागे काय आहे ते बघा. मागे गडद लाकूड किंवा रबर असेल तर काळ्यावर काळं भोक कुठल्याच स्कोपमध्ये दिसणार नाही. सरावाला मागे पांढरा पुठ्ठा लावा. पाच रुपयांचं काम.

रेटिकलवाला (आत मोजमापाच्या रेघा असलेला) स्कोप घेणार असाल तर रायफलवरच्या स्कोपचं एकक आणि याचं एकक एकच हवं. एमओए आणि मिल ही कोन मोजायची दोन एककं: १०० मीटरवर १ एमओए म्हणजे २९ मिमी आणि ०.१ मिल म्हणजे १० मिमी. स्पॉटर (स्कोपमधून बघून दुरुस्ती सांगणारा) एका भाषेत ओरडतोय आणि नेमबाज दुसऱ्या भाषेत क्लिक मोजतोय, हे मॅचमध्ये परवडत नाही.

आयपीसला मोबाइल चिकटवून मारताना व्हिडिओ काढणं: हौस म्हणून ठीक. त्याच्या वजनाने स्कोप मान टाकतो आणि लक्ष वाऱ्यावरून रीलवर जातं.

पावसाळा

‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी हे. अशा स्कोपमध्ये भरलेला नायट्रोजन आतल्या काचांवर वाफ धरू देत नाही, बाहेरच्या काचेला त्याचा काही उपयोग नाही. एसी गाडीतून मुंबईच्या दमट रेंजवर उतरलात की बाहेरची लेन्स लगेच धुरकटते. स्कोप झाकणं लावून, बॅगेत बंदच वीस मिनिटं सावलीत ठेवा, मग काढा. शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर लेन्सच्या कापडावर एक थेंब क्लीनर. थेंब कापडावर घ्यायचा, काचेवर नाही.

जूनमध्ये रेंज थंडावली की स्कोप फोमच्या केसमध्ये घालून कपाटात जातो. फोम ओल धरतो. गणपतीनंतर केस उघडावी तर लेन्सच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे: बुरशी. कोकणात आणि मुंबईत हे हमखास होतं. फोमची केस माळ्यावर टाका. स्कोप झाकणं काढून, घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, २०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक सोबत ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलने रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर कोरडं करता येतं. निळ्या रंगाचं जेल मात्र स्वयंपाकाच्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये नको, त्यात कोबाल्ट असतं.

धागे बाहेरच्या काचेवर असतील तर लेन्स क्लीनरने निघू शकतात. आतल्या काचेवर असतील तर यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. उघडलात की नायट्रोजन गेला, सील गेलं आणि काचांची मूळ बैठकही गेली. दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवा, आणि पाठवण्याआधी नायट्रोजन पुन्हा भरून देणार का ते विचारून घ्या.