जीटी ८६ साठी लोअरिंग स्प्रिंगा निवडताना

टोयोटा जीटी ८६ कंपनीतून येते तशी उभी असली की पुढच्या टायरवरची फट डोळ्यांत भरते. मडगार्डच्या कडेखाली हाताची मूठ सहज जाते. त्यामुळे लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, घ्यायला निघालेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "गाडी किती मिलिमीटर खाली बसेल?" मी श्टुटगार्टजवळ राहते, ही गाडी रोज चालवते आणि सुट्टीत न्युर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर नेते, म्हणून ओळखीतले मराठी लोक खरेदीआधी मला फोन करतात. मी त्यांना आधी दुसरंच विचारते: खाली बसल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरेल?

खड्डा, उंचवटा किंवा वळण आलं की चाक वर जातं. एका मर्यादेनंतर शॉक ॲब्सॉर्बर बंप स्टॉपला टेकतो. बंप स्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावर बसवलेला फोमसारखा ठोकळा. तो दाबला जायला लागला की सस्पेन्शन एकदम कडक होतं. गाडी २५ मिलिमीटर खाली आणली की पुढच्या चाकाची वर जायची जागा जवळजवळ तेवढीच कमी होते. ही जागा आधी मोजून घ्या, पैसे लागत नाहीत. शॉकच्या दांड्यावरचं रबरी आवरण वर सरकवा, दांड्याला एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा आणि ती शॉकच्या नळीला टेकेपर्यंत खाली ढकला. मग नेहमीच्या रस्त्यावरून, नेहमीच्या वेगाने, नेहमीची माणसं बसवून फिरून या. शॉक दाबला गेला तितकी टाय दांड्यावर वर सरकलेली दिसेल. टायपासून बंप स्टॉपपर्यंत उरलेलं अंतर हीच तुमची शिल्लक. ती २० मिलिमीटर असेल आणि तुम्ही ४० मिलिमीटर खाली बसणाऱ्या स्प्रिंगा घेत असाल, तर रोजच्या रस्त्यावरही गाडी बंप स्टॉपवर आदळणार.

न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांब ट्रॅकच्या २०.८ किलोमीटरमध्ये हे सगळ्यात स्पष्ट कळतं ते फुक्सर्योरे नावाच्या उतारावर. तिथे वेग वाढत जातो आणि तळाशी रस्ता अचानक वर वळतो. सगळी गाडी तिथे दाबली जाते. ज्या गाडीकडे जागा उरलेली असते ती दाबली जाते, सावरते आणि पुढच्या आडेनाउअर फोर्स्टच्या वळणाआधी ब्रेकला तयार असते. बंप स्टॉपवर बसलेली गाडी मात्र ऐन त्या क्षणी चाकाची पकड सोडते. पार्किंगमध्ये दिसायला कोणती गाडी छान, याला तिथे काडीची किंमत नाही.

आता कडकपणा. जागा कमी केली तर स्प्रिंग कडक हवी, हा साधा हिशेब आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. वेटोळ्याचा व्यास आणि वेढे तेच ठेवून १२ मिलिमीटरऐवजी १२.५ मिलिमीटरची तार घेतली, तर कडकपणा साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दोन स्प्रिंगा नुसत्या बघून त्यांची तुलना करू नका. विक्रेत्याकडे न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये आकडा मागा. "स्पोर्टी आहे", "आरामदायी आहे" एवढंच सांगणाऱ्याकडून मी स्प्रिंग घेणार नाही.

आकडा मिळाला की पुढचा-मागचा थेट ताडून बघायचा मोह होतो. तो आवरा. जीटी ८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात), मागे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म). पुढची स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच, म्हणजे ०.९५ पट हलते, मागची साधारण पाऊणपट. चाकाला जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतो. उदाहरणादाखल पुढे २५ आणि मागे ४० न्यूटन प्रति मिलिमीटर धरा. पुढे ०.९५ चा वर्ग करून गुणलं की २२.५ येतात आणि मागे ०.७५ चा वर्ग करून गुणलं तरी २२.५ च. कागदावर मागची स्प्रिंग भलतीच कडक वाटते, रस्त्यावर दोन्ही सारख्या. पुढच्या-मागच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोड्या जमवणाऱ्यांचं गणित इथेच बिघडतं. चारही स्प्रिंगा एकाच संचातल्या घ्या.

प्रोग्रेसिव्ह की लिनियर, यावर तासन्‌तास वाद चालतात. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचे काही वेढे जवळजवळ असतात, ते आधी मिटतात आणि मग स्प्रिंग कडक होते. शहरात ती बरी वाटते. लिनियर स्प्रिंगचा जोर प्रत्येक मिलिमीटरला तेवढाच वाढतो, त्यामुळे वळणात गाडी पुढच्या क्षणी काय करेल याचा अंदाज हाताला येतो. मला ट्रॅकसाठी लिनियर आवडते. पण मूळ शॉक ठेवणार असाल आणि गाडी रोज ऑफिसला नेणार असाल, तर आयबाख या स्प्रिंग कंपनीचं प्रो-किट किंवा एच अँड आरचा सौम्य संच, म्हणजे २० ते ३० मिलिमीटरच्या आत बसणारा, हीच माझी शिफारस. (दोघांचे कारखाने झाउअरलांडमध्ये एकमेकांच्या शेजारच्या गावांत आहेत, फिनेनट्रोप आणि लेनेश्टाट. त्या दऱ्याखोऱ्यांत स्प्रिंगांशिवाय दुसरं बोलतात की नाही, असं तिथून जाताना वाटतं.) त्याहून खाली बसणारे संच मूळ शॉकवर लावू नका.

कारण शॉक. कंपनीने तो मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेला असतो. स्प्रिंग २५ टक्के कडक केली, तर तितकंच नियंत्रण राहायला शॉकचा रोधही साधारण १२ टक्के वाढायला हवा. एवढा फरक चांगल्या स्थितीतला मूळ शॉक निभावून नेतो. जुना, तेल गळणारा शॉक निभावत नाही. स्प्रिंगने दाबून सोडलेली गाडी तो वेळेवर थांबवू शकत नाही आणि ती डुलत राहते. शॉक थकले असतील तर आधी ते बदला, स्प्रिंगांचं नंतर बघा.

स्ट्रटची आणखी एक खोड आहे. गाडी खूप खाली आणली की पुढच्या कंट्रोल आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोक वर उचललं जातं. मग वळणात दाब आल्यावर चाकाला मिळायला हवा तो निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे वरून आत झुकणं, मिळत नाही, आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. परिणाम असा की कडक स्प्रिंग लावूनही गाडी वळणात कलते. म्हणून या गाडीत "जितकी खाली तितकी चांगली" हे धादांत खोटं आहे.

बसवताना एका गोष्टीवर मी अडून बसते. मागचे आर्म सोडवून परत जोडताना रबरी बुशांचे (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर असताना पूर्ण घट्ट आवळायचे नाहीत. बुशाचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. गाडी ठरल्यापेक्षा उंच बसते, स्प्रिंगला नसलेला कडकपणा जाणवतो आणि काही काळाने रबर फाटतं. बोल्ट हाताने लावा, हबखाली (चाकाच्या मधल्या भागाखाली) जॅक देऊन चाक गाडी जमिनीवर उभी असतानाच्या उंचीला आणा, आणि मगच टॉर्क रेंचने आवळा. मेकॅनिक घाईत असेल तर शेजारी उभं राहून हे करून घ्या.

स्प्रिंगा कापून गाडी खाली आणू नका. टोक सपाट बसत नाही, आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटते.

चाकांचं अलाइनमेंट दोनदा लागतं: बसवल्यावर लगेच टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते), आणि काही शे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पूर्ण. जीटी ८६ ला पुढे कॅम्बर बदलण्याची मूळ सोय नाही, त्यासाठी कॅम्बर बोल्ट मिळतात. मागे टो बदलता येतो, कॅम्बर नाही. २५ मिलिमीटरपर्यंत मागचा वाढलेला कॅम्बर चालून जातो. त्याखाली गेलात की बदलता येणारे आर्म घ्यावे लागतात, तो खर्च आधीच धरा.

पुण्यातले मित्र विचारतात, आपल्याकडच्या गाडीला हे जमेल का? प्रमाणित गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, आणि गल्लीतले तर कुठल्याच मापात बसत नाहीत. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात जेमतेम १३ सेंटिमीटर. त्यातून ३ वजा करा. माझं उत्तर "नको" हेच आहे.

जर्मनीत मात्र कागदपत्रांशिवाय पाऊल टाकू नका. स्प्रिंगेबरोबर टाइलेगुटाख्टन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) किंवा तत्सम मान्यतापत्र हवं, आणि त्यात तुमचं मॉडेल, ॲक्सलवरचं कमाल वजन आणि तुमच्या चाकांचं माप असलं पाहिजे. वेगळी चाकं लावली असतील तर हे आधी तपासा, कारण पुष्कळदा अडतं ते तिथे. बसवल्यावर ट्यूफ या वाहन तपासणी संस्थेच्या किंवा तशा मान्यताप्राप्त संस्थेच्या तपासनिसाकडून गाडी पास करून घ्यायची. तो स्प्रिंगवर छापलेला क्रमांक वाचतो, म्हणून बसवताना तो बाहेरच्या बाजूला, दिसेल असा ठेवा आणि पुसू देऊ नका. चाक लटकत असताना स्प्रिंग सैल होते का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, हेही तो बघतो. जाण्याआधी हेडलाइट जुळवून घ्या. झेनॉन दिवे असतील तर उंचीच्या सेन्सरला गाडी वेगळीच बसलेली दिसते आणि प्रकाशझोत चुकतो. मिळालेला कागद गाडीतच ठेवा, पोलीस अडवून मागतात.