वीज पडलेल्या झाडाचं लाकूड जाळायचं का?

माण-खटाव, जतकडं वळवाच्या पावसात एखाद्या चिंचेवर नाहीतर नारळावर वीज पडतेच, मग म्हातारी माणसं म्हणणार की ते लाकूड चुलीत घालायचं नाय, वीज घर शोधत येते. हे फक्त आपलंच नाय बरं का, तिकडं अमेरिकेतले चेरोकी लोकपण असं लाकूड जळणाला वापरत नव्हते, आणि साध्या माणसानं हात लावला तर हातापायाला भेगा पडतात म्हणायचे.

खरं तर लाकडात वीज साठून राहत नाय. आतल्या ओलाव्याची एकदम वाफ होते म्हणून साल फुटून उडते, बस.

पण लगेच कुऱ्हाड घेऊन पळू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटं थांबा, वर लोंबणाऱ्या फांद्या बघा, तार तुटून पडली असेल तर लांबच राहा आणि वायरमनला फोन करा. ढोलीतनं धूर येतोय का तेपण बघा, खोड आतनं धुमसत असतं कधीकधी. आंबा, चिंच असेल तर तोडायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या. मग फोडून, खाली दगड ठेवून, वारं लागेल असं रचा, ओलं लाकूड नुसता धूर करतं.

आजी ऐकतच नसेल तर वाद कशाला, न्हाणीच्या चुलीला वापरा नाहीतर गुऱ्हाळवाल्याला देऊन टाका.