फायरवॉलवर पॅकेट कॅप्चर: नव्याने येणाऱ्यांना सांगावंसं वाटणारं

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही ऑफिसात जा, नेटवर्क सिक्युरिटीच्या नोकरीत सुरुवातीला एकच वाक्य सतत कानावर पडतं: "फायरवॉल ब्लॉक करतेय." ॲप्लिकेशनवाले म्हणतात, सर्व्हरवाले म्हणतात, क्लायंट तर म्हणतोच. ते खरं की खोटं हे दाखवायचं काम बहुतेक वेळा शिफ्टमधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. लॉगमध्ये 'अलाउड' दिसत असतं आणि समोरचा तरीही ऐकत नाही. तेव्हा कॅप्चर लावावंच लागतं, म्हणजे फायरवॉलमधून जाणारी-येणारी पॅकेटं प्रत्यक्ष पकडून पाहावी लागतात. क्लासमध्ये हा भाग अर्ध्या तासात उरकतात. नोकरीत मात्र रात्री दोन वाजता, कॉलवर दहा माणसं ताटकळत असताना, हाच भाग लागतो. ती घालमेल मी विसरलेलो नाही, म्हणून लिहितोय.

टीसीपी हँडशेक, राउटिंग, नॅट (वाटेत पॅकेटवरचा पत्ता बदलणं) तुम्हाला येतं असं धरून चालतो. फिल्टर न लावता कॅप्चर सुरू करू नका, हेही बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तरी सांगतो: भर ट्रॅफिकच्या वेळी उघडं कॅप्चर लावलं तर सीपीयूवर ताण येतो. शिवाय एसएसएचमधून लॉगिन असाल तर तुमचंच सेशन कॅप्चरमध्ये येतं. छापलेली प्रत्येक ओळ नवं पॅकेट तयार करते आणि स्क्रीन थांबतच नाही. फिल्टर लावा, पॅकेटची संख्याही ठरवून द्या.

आता मुख्य मुद्दा. फिल्टर कसा लिहायचा हे सगळे शिकवतात, तो कशावर लावायचा हे फार थोडे सांगतात. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझ्या आयुष्यातल्या कितीतरी रात्री यात गेल्या आहेत.

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात १९२.१६८.१०.२५ हा पीसी आहे. त्याला बाहेरच्या १९८.५१.१००.७ या सर्व्हरवर ४४३ पोर्टने जायचंय. फायरवॉल सोर्स नॅट करून, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून, त्याला २०३.०.११३.५ हा पब्लिक पत्ता देते. तक्रार येते की पेज उघडत नाही. फोर्टिगेट या ब्रँडच्या फायरवॉलवर स्निफर, म्हणजे कॅप्चर करणारी कमांड, हात आपोआप लिहितो: डायग्नोज स्निफर पॅकेट एनी 'होस्ट १९२.१६८.१०.२५ अँड पोर्ट ४४३' ४. शेवटच्या ४ मुळे प्रत्येक ओळीत इंटरफेसचं नाव दिसतं. 'एनी' म्हणजे सगळे इंटरफेस, म्हणजे सगळं दिसणार असा भरवसा वाटतो. स्क्रीनवर येतं काय? लॅनवर, म्हणजे आतल्या बाजूने, सिन (कनेक्शन सुरू करणारं पहिलं पॅकेट) आत. थोड्या वेळाने पुन्हा सिन आत. पुन्हा सिन. बाहेर जाणारं एकही पॅकेट नाही. निष्कर्ष तयारच असतो: फायरवॉल पॅकेट गिळतेय.

प्रत्यक्षात ते पॅकेट वॅनमधून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, केव्हाच बाहेर पडलेलं असू शकतं. बाहेर पडताना त्याचा सोर्स पत्ता २०३.०.११३.५ झालेला असतो आणि तुमच्या फिल्टरमध्ये तो पत्ताच नाही. सर्व्हरचं उत्तर वॅनवर येऊन तिथेच टाकून दिलं गेलं, तरी तेही दिसणार नाही, कारण ते २०३.०.११३.५ च्या नावाने आलेलं असतं. स्निफर प्रत्येक पॅकेटला त्या क्षणी त्याच्या हेडरमध्ये जे पत्ते आहेत त्यावरूनच जोखतो. हे मघाच्याच कनेक्शनचं पॅकेट आहे, हे फायरवॉलच्या सेशन टेबलला (चालू कनेक्शनच्या यादीला) ठाऊक असतं, स्निफरला नाही.

म्हणून नॅटमध्ये जे बदलत नाही, त्यावर फिल्टर लावा. सोर्स नॅटमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलत नाही, तेव्हा 'होस्ट १९८.५१.१००.७ अँड पोर्ट ४४३' लिहा. आता पूर्ण प्रवास दिसतो: लॅन आत, वॅन बाहेर, वॅन आत, लॅन बाहेर. वॅन बाहेर दिसलं आणि वॅन आत काहीच नाही, तर दोष पुढे आहे, सर्व्हरकडे किंवा वाटेत कुठेतरी. लॅन आत आहे पण वॅन बाहेर नाही, तर आपल्याच पॉलिसीत किंवा राउटिंगमध्ये शोधा. बाहेरून आत येणाऱ्या व्हीआयपीसाठी (व्हर्च्युअल आयपी, म्हणजे आतल्या सर्व्हरला दिलेला बाहेरचा पत्ता) उलटं: आतल्या सर्व्हरचा पत्ता बदलतो, म्हणून बाहेरच्या क्लायंटचा पत्ता धरा. पोर्ट फॉरवर्डिंग ८४४३ वरून ४४३ वर असेल तर पोर्टवरही विसंबू नका. दोन्ही पत्ते बदलत असतील, एकसारखे सबनेट असलेल्या व्हीपीएनमध्ये हे होतं, तर आधीची जोडी आणि नंतरची जोडी कंसात घालून मध्ये 'ऑर' लिहा.

ब्रँड बदलला तरी हा प्रश्न सुटत नाही. पालो आल्टोवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या दिशेसाठी वेगळे फिल्टर देतात, परतीच्या फिल्टरमध्ये नॅटनंतरचा पत्ता लागतो. चेक पॉइंटचं एफडब्ल्यू मॉनिटर पॅकेटला चार ठिकाणी पकडतं, त्यामुळे पत्ता कुठे बदलला हे नीट दिसतं. नॅट समजून घ्यायला मला तेच सगळ्यात आवडतं.

दुसरी अडचण थोडक्यात. फोर्टिगेटच्या अनेक मॉडेलमध्ये सेशन नेटवर्क प्रोसेसर या वेगळ्या चिपकडे सोपवलं जातं आणि मग सुरुवातीची काही पॅकेटं सोडली तर स्निफरला काही दिसत नाही. त्या पॉलिसीत ऑटो एसिक ऑफलोड, म्हणजे हे सोपवणं, बंद करावं लागतं. तेही फक्त त्या एका पीसीसाठी वेगळी पॉलिसी करून, परवानगी घेऊन, आणि काम झालं की परत पूर्ववत. जुनं सेशन तसंच चालू राहतं, म्हणून कनेक्शन नव्याने सुरू करायला सांगा.

डम्प (परीक्षेतले तयार प्रश्न-उत्तरं) पाठ करून सर्टिफिकेट मिळतं, पुण्यात त्याच्यावर मुलाखतीचा फोनही येतो. पण मुलाखत घेणारा दोन ओळींचं कॅप्चर समोर ठेवून "पुढची ओळ कुठली यायला हवी?" एवढंच विचारतो आणि डम्पवाले तिथेच गप्प होतात. फी डम्पवर घालवू नका. सीनियर निवडता येत नाहीत, पण कोणाच्या शेजारी बसायचं हे थोडंफार ठरवता येतं. जो एंटर दाबण्याआधी "काय दिसायला हवं?" असं विचारतो, त्याच्या शेजारी बसा. जो कीबोर्ड ओढून घेऊन स्वतःच सोडवतो, त्याच्याकडून तिकीट बंद होईल, तुम्हाला काही येणार नाही.

लातूर, सोलापूर, सांगलीहून मराठी माध्यमात शिकून आलेल्यांना क्लायंटच्या कॉलवर इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. कॅप्चर हातात असलं की लांब बोलावं लागत नाही: पॅकेट इतक्या वाजता आलं, इतक्या वाजता या इंटरफेसने बाहेर गेलं, उत्तर आलं नाही. ही तीन वाक्यं सगळा कॉल शांत करतात. धावती स्क्रीन पाहून काहीच कळत नाही, हे सुरुवातीला सगळ्यांचंच होतं, त्यात तुमची बुद्धी कमी पडत नाही.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगतो. कॅप्चरच्या फाइलमध्ये उघडे पासवर्ड, लोकांचा खासगी मजकूर असू शकतो. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवायची नाही.

सराव घरीच करा, फुकट होतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पीएफसेन्स ही फुकट फायरवॉल टाका, मागे एक छोटं लिनक्स मशीन जोडा. तिथून ८.८.८.८ ला पिंग सुरू करा. आधी लॅनवर लिनक्सच्या पत्त्याचा फिल्टर लावून कॅप्चर घ्या, मग तोच फिल्टर वॅनवर. वॅनवर एकही पॅकेट मिळणार नाही, पिंग मात्र चालू असेल. आता वॅनवर फिल्टरमध्ये ८.८.८.८ घाला आणि सोर्सच्या जागी कोणता पत्ता आलाय तो वाचा.